मासे किती होते? गाळातले दात मोजून मिळणारं उत्तर

खुल्या महासागरात मासा मेला की त्याचा सांगाडा जवळजवळ कधीच शिल्लक राहत नाही. मुळात तिथले बहुतेक मासे मरतात ते दुसऱ्याच्या तोंडात. एखादा आजाराने किंवा वयाने मेलाच, तर खाली जाता जाता त्याचे लचके तोडले जातात. चार-पाच किलोमीटर खोल तळाशी जे काही पोचतं, त्याचा फडशा तिथले कृमी, कवचधारी प्राणी आणि जिवाणू पाडतात. हाडं सच्छिद्र असतात, तीही यथावकाश कुजून विरघळतात. उरतात ते दात.

हे दात नजरेत भरण्यासारखे मुळीच नसतात. बहुतेकांची लांबी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, काहींची त्याहूनही कमी. पण ते घट्ट, दाट अशा कॅल्शियम फॉस्फेटचे बनलेले असतात आणि त्यांच्या टोकाला आपल्या दातांवरच्या लुकणासारखा (एनॅमलसारखा) कठीण थर असतो. शिवाय मासे आयुष्यभर दात टाकत आणि नवे उगवत राहतात. म्हणजे दात तळाशी यायला मासा मरावाच लागतो असंही नाही.

शार्कची गोष्ट थोडी वेगळी. त्यांचा सांगाडा कूर्चेचा असतो, त्यामुळे तो टिकण्याचा प्रश्नच नाही. पण शार्कची कातडी हजारो बारीक, टोकदार कणांनी मढवलेली असते. हात फिरवला तर ती खरखरीत लागते ती यामुळेच. या कणांना त्वचादंत म्हणतात, आणि नाव अगदी सार्थ आहे, कारण त्यांची आतली रचना दातासारखीच असते. तेही झडतात, पुन्हा येतात आणि झडलेले तळाशी साठतात. माशांचे दात आणि शार्कचे त्वचादंत या दोन्हींना मिळून इक्थिओलिथ म्हणतात. प्राचीन महासागरातल्या माशांचा हिशेब मांडण्याचं सगळ्यात भरवशाचं साधन आज तेच आहे.

‘हिशेब’ हा शब्द मुद्दाम वापरतोय. माशांचे सुंदर, अखंड जीवाश्म जगात आहेतच. इटलीतल्या मोन्ते बोल्का इथल्या सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या चुनखडीत दोनशेहून अधिक जातींचे मासे परांच्या रेघांसकट उमटलेले आहेत. तिथून कळतं की त्या काळी कोण कोण होतं. पण अशा जागा मोजक्या आणि बहुतेक उथळ पाण्यातल्या. पृथ्वीचा मोठा भाग व्यापणाऱ्या खोल समुद्रात काय चाललं होतं, आणि मुख्य म्हणजे मासे किती होते, हे त्या सांगू शकत नाहीत. परिसंस्थेचा विचार करायचा तर ‘किती’ हाच कळीचा प्रश्न आहे. वर सूर्यप्रकाशात सूक्ष्म वनस्पतिप्लवक वाढतं, त्याला प्राणिप्लवक खातं, त्याला लहान मासे, त्यांना मोठे. या साखळीतून माशांपर्यंत किती अन्न पोचत होतं, हे जातींची यादी कितीही लांब केली तरी समजत नाही.

कंटाळवाण्या चिखलाचं भाग्य

खोल समुद्रातून असे अवशेष वर यायला सुरुवात झाली ती ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाच्या १८७२ ते १८७६ च्या सफरीत. पॅसिफिकच्या तळावरून ओढलेल्या जाळ्यांत तांबूस चिकणमाती आली, आणि तिच्यात शार्कचे दात, व्हेलच्या कानातली हाडं आणि मँगनीजचे गोटे. बाकी सांगाडा गायब आणि फक्त दात नि कानाची हाडं शिल्लक, हे दृश्य तेव्हाही चमत्कारिक वाटलं होतं. कारण सरळ होतं: जे सगळ्यात घट्ट तेवढंच टिकलं.

समुद्राच्या इतिहासाचा अभ्यास पुढे मुख्यतः दुसऱ्याच जीवाश्मांवर उभा राहिला. फोरामिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव चुन्याचं कवच बनवतात. ती कवचं तळाशी साचून पांढरट गाळ तयार होतो, आणि त्यांच्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंवरून, जुनं तापमान काढता येतं. अतिशय सोयीचं साधन. पण चुना खोल, थंड, दाबाखालच्या पाण्यात विरघळतो. साधारण चार ते पाच किलोमीटरच्या खाली तो तळाशी साठेनासाच होतो. तिथे उरते फक्त वाऱ्याबरोबर खंडांवरून आलेली धूळ, ज्वालामुखीची राख, अवकाशातून सतत पडणारी सूक्ष्म धूळ, आणि दात. यांची मिळून होते लाल चिकणमाती.

बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या दृष्टीने ही माती म्हणजे निरस प्रकरण. कवचं नाहीत, थरांत फरक दिसत नाही, वय काढणं कठीण. शिवाय ती साठते इतकी हळू की हजार वर्षांत एक मिलिमीटरही भरत नाही. पण दात मोजणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. इतर भरताड नसल्यामुळे चिमूटभर मातीतही दात पुरेसे सापडतात, आणि थोड्याच खोलीत प्रचंड काळ मावतो. हवाईच्या उत्तरेला घेतलेला एक प्रसिद्ध गाभा आहे, म्हणजे तळात नळी घुसवून उभा कापून काढलेला गाळाचा दंडगोल. त्याची लांबी जेमतेम २४ मीटर, आणि त्यात डायनासोरांच्या शेवटच्या काळापासून पुढचा सगळा इतिहास आहे.

१९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत पॅट्रिशिया डॉयल आणि विल्यम रीडेल यांनी या दातांच्या आकारांचं वर्गीकरण करायची पद्धत बसवली. त्यांचा हेतू होता लाल मातीचं वय काढणं: अमुक आकाराचे दात दिसले की थर अमुक काळातला. नंतर वय काढण्याचे इतर मार्ग निघाले आणि हे काम जवळजवळ अडगळीत पडलं. साधारण २०१० नंतर त्याच संस्थेत एलिझाबेथ सायबर्ट आणि रिचर्ड नॉरिस यांनी तेच दात हातात घेऊन वेगळा प्रश्न विचारला. वय जाऊ दे, मासे किती होते ते यातून कळेल का?

दात वेगळे करायचे कसे

काम ऐकायला सोपं, करायला चिकाटीचं. गाभ्यातून ठरावीक अंतरावर काही ग्रॅम माती कापून घेतात, वाळवतात आणि तिचं वजन करतात. वजन चुकलं की पुढचं सगळंच चुकतं. लाल माती असेल तर ती पाण्यात मोकळी करून बारीक चाळणीतून धुतात. चाळणीचं छिद्र ३८ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. चिकणमातीचे कण त्याहून खूप बारीक असल्यामुळे निथळून जातात आणि चाळणीवर चमचाभरही ऐवज उरत नाही. चुनखडीचा गाळ असेल तर आधी सौम्य ॲसिटिक आम्लात चुना विरघळवतात. व्हिनेगरमध्ये असतं तेच हे आम्ल, आणि सौम्य असल्यामुळे ते फॉस्फेटच्या दातांना धक्का लावत नाही.

मागे वाळूचे कण फार राहिले असतील तर जड द्रव वापरतात. त्याची घनता अशी ठेवतात की वाळूतला क्वार्ट्‌झ वर तरंगतो आणि त्याहून जड असलेले दात तळाशी बसतात. मग एक रंग: अलिझरिन. तो कॅल्शियम फॉस्फेटला धरतो आणि दात गुलाबी-जांभळे होतात. प्राणिशास्त्रात हाडांचा सांगाडा रंगवायला हा रंग फार पूर्वीपासून वापरतात. इथे त्याचा फायदा असा की करड्या, पिवळट, पारदर्शक कणांच्या पसाऱ्यात दात लगेच नजरेत येतो.

शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या एका-दोन केसांनी एकेक दात उचलून काचपट्टीवर ठेवायचा. हात थरथरला की दात उडून जातो आणि तो पुन्हा सापडत नाही. कुठल्याही शोधनिबंधात हा भाग दोन ओळींत आटोपतात, पण वेळ सगळा इथेच जातो.

काचपट्टीवर जे दिसतं ते फार वेधक असतं. काही दात सरळ, काचेच्या सुईसारखे, टोकाला पारदर्शक. काही बुटके त्रिकोणी. काहींच्या कडेला पात्यासारखी धार, काही आकड्यासारखे वळलेले. त्यांच्यात मधूनच एखादा त्वचादंत, वरच्या बाजूला समांतर कंगोरे असलेला. यातला कुठला दात कुठल्या जातीचा, हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. त्यामुळे अभ्यासक जातीचं नाव देण्याच्या फंदात न पडता आकारांचे गट करतात: टोकाचा आकार, कडा, आतल्या पोकळीची ठेवण वगैरे. हे गट म्हणजे जाती नव्हेत. त्यांची संख्या वाढली तर विविधता वाढली असावी एवढाच अंदाज बांधता येतो, आणि तेवढाच बांधावा.

घड्याळाशिवाय मोजणी व्यर्थ

एवढं करून हाती येतो एक आकडा, समजा एका ग्रॅम मातीत पन्नास दात. हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. समजा, एक चौरस सेंटिमीटर तळावर एक सेंटिमीटर जाडीच्या थरात ४० दात मिळाले. तो थर ५०,००० वर्षांत साठला असेल, तर दर दहा लाख वर्षांना ८०० दात पडत होते. तोच थर १,००,००० वर्षांत साठला असेल तर ४००. म्हणजे मासे निम्मे! दात तेच, माती तीच, फरक फक्त घड्याळाचा. म्हणून या क्षेत्रातले सगळे गंभीर वाद शेवटी गाळ किती वेगाने साठला, या एकाच मुद्द्यावर येऊन थांबतात.

लाल मातीला घड्याळ लावण्याची एक युक्ती कोबाल्टची आहे. समुद्राच्या पाण्यातून हा धातू तळावर साधारण एकसारख्या वेगाने बसत राहतो असं मानलं, तर ज्या थरात कोबाल्ट दाट तो थर सावकाश साठला, विरळ तिथे माती भरभर पडली. गृहीतक बरंच मोठं आहे, त्यामुळे त्याला खुंट्या माराव्या लागतात. सगळ्यात पक्की खुंटी म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा इरिडियमचा थर. लघुग्रह आदळल्याची ती खूण लाल मातीतही सापडते. दुसरी खुंटी खुद्द दातांतच असते. समुद्राच्या पाण्यातलं स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचं प्रमाण काळानुसार बदलत गेलं आहे आणि दातांत त्याची नोंद राहते.

अजून एक अडचण: तळावरचे किडे माती वर-खाली करतात. त्यामुळे एका थरात हजारो वर्षांचे दात सरमिसळ झालेले असतात. एखादं शतक किंवा सहस्रक वेगळं काढून पाहणं इथे शक्य नाही. लाखो वर्षांत टिकून राहिलेले बदल तेवढे दिसतात.

लघुग्रह आदळल्यावर समुद्रात काय झालं

६.६ कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोतल्या चिक्शुलुब इथे लघुग्रह आदळला. समुद्रातले सर्पिल कवचाचे अमोनाइट आणि मोसासॉर, प्लेसिओसॉर हे मोठे सरीसृप संपले. पृष्ठभागाजवळ तरंगणाऱ्या फोरामिनिफेरांच्या बहुतेक जाती गेल्या, चुन्याची चकती बनवणाऱ्या सूक्ष्म शैवालाचंही तेच झालं. साखळीचा पायाच गेला म्हटल्यावर वरचे मासेही उपाशी मेले असणार, असं गृहीत धरणं स्वाभाविक होतं. समुद्राची उत्पादकता जवळजवळ शून्यावर आली होती, अशी मांडणीही बराच काळ होती.

सायबर्ट, पिन्सेली हल आणि नॉरिस यांनी २०१४ मध्ये दातांची मोजणी प्रसिद्ध केली आणि चित्र बदललं. अटलांटिक आणि प्राचीन टेथिस समुद्राच्या बाजूला माशांचे दात कमी झाले होते खरे. पण पॅसिफिकमध्ये माशांच्या संख्येला लक्षणीय धक्काच बसलेला दिसला नाही. चुन्याचं कवच असणारे जीव गेले, पण कुठलं ना कुठलं प्लवक होतंच, आणि त्यावर मासे तगले. फक्त चुन्याच्या कवचांवर विसंबलो असतो तर हे कधीच कळलं नसतं, कारण त्या कवचांचे धनीच तर मेले होते. मला या साऱ्या क्षेत्रातला हा सगळ्यात महत्त्वाचा धडा वाटतो: साखळीतली एक कडी पाहून वरच्या कडीबद्दल बोलू नये, वरची कडी स्वतंत्रपणे मोजावी.

पुढच्याच वर्षी आलेला निष्कर्ष आणखी रंजक. लघुग्रहाआधीच्या गाळात शार्कचे त्वचादंत माशांच्या दातांपेक्षा जास्त असत. आदळण्यानंतर हे पारडं फिरलं. किरणपंखी मासे, म्हणजे आज आपण सहसा ज्यांना मासे म्हणतो ते, एकदम वरचढ झाले. त्यांच्या दातांची संख्या वाढली, आकारही वाढला आणि ही स्थिती पुढची किमान २.४ कोटी वर्षं टिकली. आज पृष्ठवंशी प्राण्यांच्या जवळजवळ निम्म्या जाती किरणपंखी माशांच्या आहेत. डायनासोर गेले आणि सस्तन प्राण्यांना रान मोकळं झालं, हे शाळेत शिकवतात. समुद्रात त्याच घटनेने माशांचं युग सुरू केलं असावं, हे क्वचितच सांगितलं जातं.

३.४ कोटी वर्षांपूर्वी अंटार्क्टिकावर बर्फाची चादर पसरली आणि पृथ्वीचं हवामान कायमचं बदललं. तेव्हा तरी माशांत मोठी उलथापालथ दिसावी अशी अपेक्षा होती. दिसली नाही.

शार्कचा वाद

याउलट जिथे कुणाचीच काही अपेक्षा नव्हती तिथे मोठी दरी सापडली. २०२१ मध्ये सायबर्ट आणि लिआ रुबिन यांनी ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत मांडलं की सुमारे १.९ कोटी वर्षांपूर्वी खुल्या समुद्रातल्या शार्कचं प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटलं आणि त्वचादंतांचे ७० टक्क्यांहून अधिक आकारगट दिसेनासे झाले. त्याआधी दर पाच दातांमागे साधारण एक त्वचादंत मिळे, नंतर शंभरामागे एक. विशेषतः भौमितिक नक्षीचे त्वचादंत जवळजवळ नाहीसे झाले. वेगाने पोहणाऱ्या शार्कच्या अंगावर असतात तसे समांतर कंगोऱ्यांचे तेवढे उरले. त्या सुमारास हवामानाला हादरा देणारी कुठलीही मोठी घटना माहीत नाही.

यावर लगेच आक्षेप आले, आणि ते यायलाच हवे होते. एकाच शार्कच्या नाकावर, पाठीवर आणि परांवर वेगवेगळ्या आकाराचे त्वचादंत असतात. मग आकारगट गेले म्हणून जाती गेल्या असं कसं म्हणायचं? शिवाय कुठला शार्क किती त्वचादंत टाकतो, यातही फरक असणार. निष्कर्षाचा बराचसा भार दक्षिण पॅसिफिकच्या तळात खोदलेल्या एका विवराच्या गाभ्यावर आहे, आणि लाल मातीचं घड्याळ किती नाजूक असतं ते वर आलंच आहे.

माझं मत विचाराल तर यातला एक भाग मजबूत आहे, एक नाही. घड्याळ चुकलं तर दात आणि त्वचादंत दोन्हींचे आकडे सारख्याच पटीने चुकतील, दोघांचं गुणोत्तर मात्र जसंच्या तसं राहील. पाचास एक वरून शंभरास एक ही घसरण म्हणून सहजासहजी उडवून लावता येत नाही. ‘इतक्या टक्के प्रकार नामशेष’ हे विधान मात्र जपून घ्यावं. त्याला आणखी गाभे हवेत, आणि आजच्या शार्कच्या अंगावर कुठे कोणते त्वचादंत असतात याची पद्धतशीर नोंदही हवी.

जाता जाता: ज्या गाभ्यावर हा सगळा वाद चालू आहे तो १९८३ च्या एका खोदकाम मोहिमेतला. त्या मोहिमेचं मुख्य काम होतं समुद्रतळाच्या खडकात भूकंपमापक बसवणं. शार्क कुणाच्या डोक्यातही नव्हते. असे गाभे थंड गोदामांत जपून ठेवतात, ते यासाठीच.

दात मेल्यावर काय शोषतो

दाताची आणखी एक गंमत आहे. जिवंत माशाच्या दातात निओडिमियमसारखी दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं नगण्य असतात. दात तळावर पडला की तो आजूबाजूच्या पाण्यातून ती शोषायला लागतो आणि काही काळाने त्यांनी गच्च भरतो. प्रत्येक महासागराच्या पाण्यातल्या निओडिमियमच्या समस्थानिकांचं प्रमाण थोडं वेगळं असतं, कारण काठच्या खंडांचे खडक वेगळे असतात. त्यामुळे त्या काळी तळाशी कुठलं पाणी वाहत होतं, ते दातावरून कळतं. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधली ड्रेक सामुद्रधुनी कधी उघडली यावर बराच वाद आहे. दक्षिण अटलांटिकमधल्या दातांत पॅसिफिकच्या पाण्याची खूण सुमारे ४.१ कोटी वर्षांपूर्वीपासून दिसते, असं २००६ मध्ये मांडलं गेलं.

याच गुणामुळे दातांना आता व्यापारी महत्त्वही येऊ घातलं आहे. जपानच्या मिनामितोरिशिमा बेटाजवळच्या खोल समुद्रातल्या चिखलाच्या काही थरांत दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचं प्रमाण दहा लाख भागांत ५,००० हून अधिक आढळलं. ती कशात आहेत म्हणून पाहिलं, तर मुख्यतः माशांच्या दातांत आणि हाडांच्या कणांत. जपानी संशोधकांनी एका समृद्ध थराचं वय काढलं ते सुमारे ३.४५ कोटी वर्षं. त्यांच्या मते पृथ्वी थंड होत असताना तळाचे प्रवाह जोरात वाहू लागले, समुद्रातल्या डोंगरांना अडून पोषक पाणी वर आलं आणि तिथे माशांची चंगळ झाली. आज बॅटऱ्या आणि पवनचक्क्यांच्या चुंबकांसाठी जो खनिजसाठा म्हणून पाहिला जातोय, तो त्या सुकाळातल्या माशांच्या दातांचा ढीग आहे. तो उपसला तर तिथला इतिहासही उपसला जाईल, याची चर्चा मात्र फारशी ऐकू येत नाही.

हजार-दोन हजार वर्षांचा हिशेब

कोट्यवधी वर्षांच्या गोष्टी झाल्या. हीच पद्धत अलीकडच्या काळाला लावली की ती थेट मासेमारीच्या प्रश्नांना भिडते. इथे लाल माती उपयोगाची नाही, वेगाने साठणारा गाळ हवा.

कॅलिफोर्नियाजवळच्या सांता बार्बरा खोऱ्यात तळाशी ऑक्सिजन जवळजवळ नसतो. किडे नाहीत, त्यामुळे माती ढवळली जात नाही आणि वर्षागणिक वेगळा थर बसतो. त्यात माशांचे खवले टिकून आहेत. खवल्यांवरून सार्डिन कुठला आणि अँचोव्ही कुठला हे ओळखता येतं. १९४०-५० च्या दशकांत तिथली सार्डिनची मासेमारी कोसळली तेव्हा दोष कुणाचा, निसर्गाचा की मासेमारांचा, यावर जोरदार वाद झाला. १९९२ मध्ये सुमारे १,७०० वर्षांच्या खवल्यांची मोजणी प्रसिद्ध झाली. त्यात सार्डिनची संख्या नऊ वेळा फुगलेली आणि नऊ वेळा कोसळलेली दिसली, बहुतेकदा यांत्रिक मासेमारीच्या कितीतरी आधी. याचा अर्थ मासेमारी निर्दोष सुटली असा नव्हे. आपोआप ओसरत्या साठ्यावर जाळी टाकत राहिलं तर तो आणखी खोलात जातोच. पण ‘पूर्वी सार्डिन कायम भरपूर होते’ ही समजूत तिथे संपली.

कॅरिबियनमधल्या पनामाच्या बोकास देल तोरो भागात उलट उत्तर मिळालं. तिथे सुमारे ७,००० वर्षांपूर्वीचा प्रवाळखडक जमिनीत शाबूत आहे आणि त्याच्या फटींतल्या वाळूत शार्कचे त्वचादंत आहेत. एरिन डिलन आणि सहकाऱ्यांनी त्यांची तुलना आजच्या तिथल्याच प्रवाळांतल्या वाळूशी केली. २०२१ मध्ये आलेलं उत्तर: शार्क सुमारे ७१ टक्क्यांनी घटले आहेत. वेगाने पोहणारे, माणसाने पकडलेले शार्क तर कमी झालेच, पण बाजारात फारशी किंमत नसलेले तळाजवळचे शार्कही कमी झाले. म्हणजे फक्त जाळी नव्हे, प्रवाळांचा ऱ्हासही कारणीभूत असावा. त्याच किनाऱ्यावर केटी क्रेमर यांच्या गटाने पोपटमाशांचे दात मोजले. हे मासे प्रवाळावरचं शैवाल खरवडून खातात. गेल्या सुमारे ३,००० वर्षांच्या गाभ्यांत जिथे पोपटमाशांचे दात कमी होत गेले, तिथे त्यापाठोपाठ प्रवाळ वाढण्याचा वेगही मंदावला. कोणामुळे काय झालं, याचा क्रमच दातांनी लावून दिला.

आणि पेरू. तिथली अँचोव्हीची मासेमारी ही एकाच जातीच्या माशावर चालणारी जगातली सर्वांत मोठी. सुमारे १,३०,००० वर्षांपूर्वी दोन हिमयुगांच्या मधल्या काळात तिथलं पाणी आजच्याहून उबदार आणि ऑक्सिजनला कमी होतं, साधारण या शतकाच्या अखेरीस अपेक्षित आहे तसं. त्या काळच्या गाळातले माशांचे मणके २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासले गेले. अँचोव्ही तिथे होती, पण तिची सद्दी नव्हती. पाण्याच्या मधल्या थरात राहणारे आणि गोबीसारखे बारीक मासे बहुसंख्य होते, आणि एकंदर मणके आकाराने लहान होते. मासे होतेच तेव्हाही, पण ज्यांच्यावर आजचा पेरूचा धंदा उभा आहे ते नव्हेत.